आतून लावलेली किल्ली

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, एर्लांगेन

आईने किल्ली आतून कुलपातच ठेवली होती, त्यामुळे माझी किल्ली चालेना. हॅनोव्हरहून येऊन मी माझ्याच घराच्या दारात उभी, आणि आत आई एकटी.

"आई, दार उघड. मी मेघा."

"मेघा माझी मुलगी आहे. ती मराठी बोलत नाही," आई दाराआडून म्हणाली. "तुम्ही कोण?"

तुम्ही! मला?

खरंच आहे म्हणा. शाळेत होते तेव्हा ती मराठीत विचारायची आणि मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. 'मराठीत बोल' म्हणून किती ओरडायची! विसरण्याच्या आजारात तिचं जर्मन आधी जाईल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे मी नीट मराठी शिकले. ही वहीसुद्धा त्यासाठीच. आणि आज तीच मराठी मला नडली.

शेवटी दाराला तोंड लावून लहानपणीसारखं जर्मनमध्ये म्हटलं, "मामा, इश बिन्स." म्हणजे, आई, मीच आहे.

किल्ली लगेच फिरली. आई हसत बाहेर आली. माझ्याकडे बघितलंच नाही तिने. मला बाजूला सारून जिन्यात वाकून बघायला लागली.

"आत्ता तर आवाज आला तिचा. कुठे गेली?"

किल्ली आता माझ्या खिशात आहे. आई दारापाशी खुर्ची टाकून बसलीये. तिला जेवायला बोलवायचंय, पण तोंड उघडायचीच भीती वाटते. मराठीत बोलले तर मी परकी. जर्मनमध्ये हाक मारली, तर ती पुन्हा मला शोधायला जिन्याकडे धावेल.