‘मान्य’ न दाबलेल्या अकरा लॅपटॉपांबाबत

प्रति,
मा. पुरवठा अधिकारी,
बाह्य बेटे शालेय साहित्य कक्ष,
दक्षिण तारावा, किरिबास.

विषय : कंपनीच्या मालकीची ऑपरेटिंग सिस्टीम आधीपासून न भरलेले लॅपटॉप यापुढे शाळेस मिळण्याबाबत, तसेच शाळेकडील अकरा लॅपटॉपमधून सदर सिस्टीम पुसण्यास मंजुरी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ११ जून (खरेदीच्या नमुन्यातील ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ हा रकाना क्र. ७ रिकामा ठेवता येत नसल्याबाबत).
२) आपले पत्र दि. १२ ऑगस्ट (सरकारी मालमत्तेच्या हानीबाबत).

महोदय,

सादर नमस्कार. बोट समोर नांगरलेली असून कप्तानाने दुपारपर्यंतच थांबण्याचे कबूल केले आहे. तरी अर्जदार, नेइ एरेना तेकेआ, मुख्याध्यापिका, तेराबुकी बेट शाळा, लांबण न लावता खालीलप्रमाणे विनंती करीत आहे.

१. शाळेच्या नववीत अकरा मुले आहेत. राजधानीतील माध्यमिक शाळेची प्रवेश परीक्षा गेल्या वर्षापासून संगणकावर घेतली जाते, हे आपणांस विदित आहेच. गेल्या वर्षी आमची नऊ मुले होडीने शेजारच्या बेटावरील केंद्रावर गेली आणि नऊच्या नऊ नापास होऊन परत आली. त्यांतील रुता ही मुलगी वर्गात पहिली येणारी. यंत्र सुरू करून पहिला प्रश्न पडद्यावर आणण्यातच तिची चाळीस मिनिटे गेली. ती पर्यवेक्षकांना म्हणाली, “सर, मला उत्तरं येतात हो, बटनं येत नाहीत.” पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिकेवर तसा शेरा मारला, मात्र त्यास गुण नव्हते. रुताला परिचारिका व्हायचे आहे. वयाच्या अटीमुळे यंदाची परीक्षा तिची शेवटची आहे. परीक्षा २९ ऑक्टोबर रोजी आहे.

२. आपल्या कार्यालयाने फेब्रुवारीत अकरा लॅपटॉप पाठविले, त्याबद्दल बेट आपले ऋणी आहे. सर्वांसाठी आलेली वस्तू आमच्याकडे मनेआबात, म्हणजे गावाच्या सभागृहात, सर्वांसमक्ष उघडतात. त्याप्रमाणे लॅपटॉप उघडले असता पडद्यावर एक करार आला व खाली ‘मान्य’ असे बटन आले. राजधानीतील प्रशिक्षणात साहेबांनी अर्जदारास शिकविले होते की, “बाई, हे वाचायचं नसतं, दाबायचं असतं.” अर्जदाराने त्यानुसार बोट पुढे केलेही होते.

तेवढ्यात ज्येष्ठ सभासद तेन बाउरो यांनी विचारले, “काय म्हणतंय गं ते?”

“करार आहे, आजोबा.”

“मग वाच की. न ऐकता हो म्हणायला आपण काय बाजारात उभे आहोत?”

मनेआबात दिलेला शब्द साऱ्या बेटाचा असतो. त्यामुळे तो कशाबद्दल दिला हे साऱ्या बेटाला माहीत असावे लागते. अर्जदाराने नाइलाजाने करार वाचावयास घेतला. एकेक कलम आमच्या भाषेत सांगावे लागल्याने, जेवणाच्या सुट्ट्या व मधला रविवार वगळता, त्यास अडीच दिवस लागले. पहिल्या दिवशी कोणास काही समजले नाही, तरी सर्वजण आदराने बसून होते. एक गृहस्थ झोपले होते, त्यांना उठवून झोपेतली कलमे पुन्हा ऐकविण्यात आली.

३. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कलम आले. ही सिस्टीम कोणास देणार नाही, उसनी देणार नाही, तिची नक्कल करून वाटणार नाही, आत काय आहे ते उघडून पाहणार नाही, असे त्यात वदवून घेतले होते. महोदय स्वतः बेटांवरचेच असल्याने ‘बुबुसी’ काय ते अर्जदाराने सांगणे हा आगाऊपणा होईल. नात्यातला माणूस दारात येऊन काही मागतो तेव्हा आपण नाही म्हणत नाही. म्हटलेच तर ती लाज नातवंडांपर्यंत पुरते. आणि या बेटावर नात्यात नाही असा माणूस शोधून सापडत नाही.

तेन बाउरो म्हणाले, “म्हणजे माझ्या बहिणीची सून मागायला आली, तर मी नाही म्हणायचं? आणि ते आत्ताच कबूल करून ठेवायचं?”

अर्जदाराने खालच्या आवाजात सांगितले, “आजोबा, सगळे नुसतं दाबतात. पाळत कुणी नाही.”

“मग छापलंय कशाला? शाई उतू चालली होती का त्यांची?”

येथे नमूद करणे आवश्यक आहे की रुता ही तेन बाउरो यांची सख्खी नात आहे. अर्जदाराने त्यांना तिची आठवण करून दिली. तेव्हा ते म्हणाले, “पोरीचं वर्ष जाईल. मला कळतंय ते. पण तिच्यासाठी खोटं बोललो तर तिला तोंड काय दाखवू?” ‘मान्य’ न दाबण्याचा ठराव एकमताने संमत झाला.

४. त्याच करारात पुढे असे होते की, अटी मान्य नसल्यास यंत्र न वापरता विक्रेत्याकडे परत करावे. आपल्या कार्यालयास हे कलम ठाऊक नसावे, कारण ते फार खाली आहे. बेटाने त्याचे तंतोतंत पालन केले. अकराही लॅपटॉप त्याच खोक्यांत, त्याच पिशव्यांत, थर्मोकोलचा तुकडाही न गमावता मार्चच्या बोटीने परत गेले. विक्रेत्याने “माल सदोष नाही” म्हणून ते घेतले नाहीत. मग ते आपल्या कार्यालयात आले. आपण “माल वितरित झालेला आहे” म्हणून घेतले नाहीत. जूनच्या बोटीने ते परत बेटावर आले. लॅपटॉपांनी तेवढ्या काळात समुद्रमार्गे जो प्रवास केला, तो अर्जदाराने बावीस वर्षांच्या नोकरीत केलेला नाही.

५. जुलैत अर्जदाराचा भाचा इओआने जहाजावरची नोकरी संपवून घरी आला. जहाजावर तो संगणक सांभाळीत असे. त्याने बोटभर लांबीच्या पेनड्राइव्हवर दुसरी एक सिस्टीम आणली, ती कोणा कंपनीच्या मालकीची नाही. तिचाही करार मनेआबात वाचण्यात आला. वापरा, आत उघडून पाहा, हवे तसे बदला, हवे त्याला द्या. अट एकच, ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्या.

मग नेइ तेबोरा आजींनी विचारले, “हे लिहिणारा कुठल्या बेटावरचा रे?”

इओआने म्हणाला, “बेटावरचे नाहीत, आजी. थंडीत राहणारी माणसं आहेत.”

“थंडीत राहून एवढी समज? चांगल्या घरची असतील.”

हा करार नारळपाणी पिऊन होण्याच्या आत मान्य झाला. म्हणजे सिस्टीम आहे, ती बसविणारा आहे, यंत्रे आहेत आणि मुले आहेत. अडचण एवढीच की, जुनी सिस्टीम पुसल्यास ती सरकारी मालमत्तेची हानी धरून मुख्याध्यापिकेच्या सेवापुस्तकात नोंद होईल, असे आपण संदर्भ २ अन्वये कळविले आहे. जी वस्तू आम्ही मागितली नाही, घेतली नाही, वापरली नाही आणि परत करावयास गेलो तर कोणी स्वीकारली नाही, तिची हानी कशी होते, हे अर्जदारास समजावून द्यावे, ही नम्र विनंती.

६. दरम्यान शाळेने स्वस्थ न बसता पर्यायी व्यवस्था केली. महिला मंडळाने केवड्याच्या पातींच्या अकरा चटया विणल्या व त्यांवर कळफलकाची अक्षरे जागच्या जागी विणली. मुले रोज दोन तास चटईवर टंकलेखन करतात. चटईवर चूक दिसत नाही, त्यामुळे सर्वांची प्रगती उत्तम आहे. आपल्या निरीक्षकांनी ऑगस्टच्या भेटीत हे पाहून “कौतुकास्पद उपक्रम” असा शेरा लिहिला व एक चटई सोबत नेली. त्यांनी मागितली, आम्ही दिली. तेव्हापासून एक मुलगा वाळूवर लिहितो.

७. महोदयांच्या आजी नेइ ताबेरा या तेराबुकीच्याच, हे वडीलधाऱ्यांनी वंशावळ सांगून सिद्ध केले आहे. हा अर्ज न पाठविता सरळ बुबुसी पाठवावी, असा मंडळींचा आग्रह होता. तसे झाल्यास महोदयांना नाही म्हणता येणार नाही आणि नियमपुस्तिकेची पंचाईत होईल, म्हणून अर्जदाराने त्यांना महत्प्रयासाने अर्जावर थोपविले आहे. याची महोदयांनी नोंद घ्यावी.

८. सबब विनंती की, (अ) यापुढे बेटासाठी लॅपटॉप खरेदी करताना ते कोरे घ्यावेत. रकाना क्र. ७ रिकामा ठेवता येत नसल्यास त्यात ‘कोरे’ असे लिहावे, म्हणजे तो भरलेला होईल. (आ) आलेल्या अकरा लॅपटॉपमधील सिस्टीम पुसण्यास मंजुरी द्यावी.

९. वरील मजकूर अर्जदाराने हाताने लिहून १४ तारखेस मनेआबात वाचून दाखविला. मंडळींना तो आवडला. तेन बाउरो यांनी मात्र विचारले, “ही बोट गेली की पुढची कधी?”

“सहा आठवड्यांनी, आजोबा.”

“आणि परीक्षा बोट गेल्यापासून किती आठवड्यांनी?”

“पाच.”

“शाळेत गणित कोण शिकवतं? तूच ना?”

महोदय, रेडिओवरून परवानगी मागितली असती, पण रेडिओवर शिक्का उमटत नाही म्हणून आपले कार्यालय ती देत नाही. अर्जदाराने दोन दिवस विचार केला. बावीस वर्षे अर्जदाराने वरिष्ठांच्या मंजुरीविना खडूचा डबाही बदललेला नाही. अर्जदार घाबरलेली होती व आहे. तरीही मंगळवार दि. १७ रोजी सकाळी प्रार्थनेनंतर अर्जदाराने स्वतःच्या हाताने, इओआनेला केवळ शेजारी उभे करून, अकराही लॅपटॉपमधील जुनी सिस्टीम पुसली. इओआने किंवा बेटावरील अन्य कोणाचा यात दोष नाही. तरी विनंती ८ (आ) ही कार्योत्तर मंजुरीची विनंती समजावी. मंजुरी मिळत नसल्यास सेवापुस्तकात नोंद करावी. अर्जदार त्याविरुद्ध अपील करणार नाही. फक्त नोंद करताना पूर्ण वाक्य लिहावे, ‘पुसली’ एवढे अर्धे लिहू नये, कशासाठी पुसली तेही लिहावे.

१०. अर्जदारास टंकलेखन येत नाही. प्रस्तुत अर्ज आज सकाळी शाळेच्या लॅपटॉपवर रुता हिने टंकलिखित केला व शाळेच्या छपाईयंत्रावर छापला. यंत्र सुरू करण्यापासून पहिले अक्षर उमटेपर्यंत तिला दोन मिनिटे लागली. अर्जदार घड्याळ हातात धरून शेजारी बसली होती.

बोटीचा भोंगा झाला असल्याने येथेच थांबणारी,
आपली नम्र,

(सही)
नेइ एरेना तेकेआ
मुख्याध्यापिका, तेराबुकी बेट शाळा
दि. २३ सप्टेंबर २०२४

सोबत :
१) मनेआबाचा ठराव, ६३ अंगठे व सह्यांसह.
२) महोदयांची वंशावळ, आजीकडील.
३) नव्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह, एक. आपल्या कार्यालयासाठी. परत करू नये, हवा त्याला द्यावा.