खोट्या शपथेतला भाऊ

मी शालिकराम ग्यानबा काळबांडे, वय एकसष्ट, धंदा तेल-इंजिनाचा मिस्त्री, राहणार किन्हीराजा, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. कान तर इतके तिखट आहेत की ओसरीवर माझा मुलगा भगवंत "बुढा काय लेहून राह्यला कोन जाने" म्हणाला तेही आत ऐकू आलं. वाच आता, भगवंता.

खालची सगळी मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला फक्त नाव मिळालं. त्या नावाचं मी काय केलं ते पुढे येईल.

कलम एक. राहतं घर पत्नी जिजाबाईचं. घरात शब्द तिचाच चालावा. चाळीस वर्षं चालतो आहेच.

कलम दोन. बसस्टँडजवळचं दुकान आणि पान्यांची पेटी भगवंताला. इंजिन उघडण्याआधी त्याचा ठोका ऐकत जा. तू आधी पाना उचलतोस.

कलम तीन. धाकटा सख्खा भाऊ तुळशीराम याला माझी शिसवी खाट. १९७५ साली माझी दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली, मुंबईच्या डॉक्टरांनी घरच्या माणसाचं एक मागितलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात याची कंबर धरली. अजून सुटली नसेल तर खाटेवर आराम पडेल. राग मात्र आता नाही. त्याला भीती वाटली, एवढंच. मी त्याहून वाईट केलं.

कलम चार. विहिरीसह तीन एकरांचा मळा पुंजाजी देवमन पडघान, राहणार किन्हीराजा, याला बक्षीस. कारण लिहिणं भाग आहे.

रक्ताच्या नात्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, विकतचं तर नाहीच नाही. मुंबईत एक दलाल भेटला, त्याने वाट दाखवली. पुंजाजी माझ्या दुकानात इंजिनं उचलायला येत असे. त्याचं रक्त जुळलं. मीच त्याला म्हणालो, "दोन पंप हायेत गड्या, एकावर मळा भिजते." मग स्टॅम्पपेपरवर शपथेने लिहून दिलं, की हा माझा सख्खा भाऊ, पुंजाजी ग्यानबा काळबांडे. मूत्रपिंडाच्या आधी मी त्याच्या बापाचं नाव काढून घेतलं. गावात आमच्या माठाला त्याला कधी हात लावू दिला नव्हता. कागदावर मात्र एका आईच्या पोटी घातला.

ऑपरेशनच्या सकाळी पडद्यापलीकडे वॉर्डबॉय त्याचं पोट भादरत होता. पुंजाजी त्याला सांगत होता, "दलाल म्हने, दुसरं येते वापस. मेथीवानी. कापली का फुटते." वॉर्डबॉय हसला. पडदा माझ्यापासून हातभर होता. एवढंच बोलायचं होतं, "पुंजाजी, फुटत नसते बाप्पा." तो उठून गेला असता आणि मी मेलो असतो. मी भिंतीकडे तोंड केलं.

ठरल्याप्रमाणे त्याच्या नाल्याकाठच्या तुकड्यासाठी इंजिन दिलं. हँडल मारून सुरू होणारं. मिस्त्री असून मला सुचलं नाही, की कापलेल्या कुशीने हँडल फिरत नाही. ते त्याची बायको विमलबाई मारते. दुकानावर आला की कुशीवर हात ठेवून विचारायचा, "मिस्त्री, अजून नाही फुटलं?" आणि मी चार वर्षं सांगत आलो, "फुटीन. टाइम लागते." त्याने दिलेलंही आता माझ्या पोटात थकलं आहे, म्हणून हा कागद.

कलम पाच. पुंजाजीच्या मळ्यावर कोणी हरकत घेतली तर पत्र्याच्या पेटीतली त्या शपथपत्राची नक्कल पुढे करावी. भगवंता, तुझा बाप खोटं बोलला असं कोर्टात सांगायचं असेल तर खुशाल सांग. ते खरंच आहे. मळा तरी त्याचाच.

कलम सहा. एवढं लिहून झाल्यावर आज दुपारी पुंजाजीला बोलावलं आणि पडद्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "टाके काढतानाच नर्सबाईनं सांगतलं मले."

"मंग चार वर्सं काहून इचारत होता?"

"तुमी कवा खरं बोलता ते पाहून राह्यलो होतो."

मी माफी मागितली. तो उठला, माठातून पाणी घेतलं, प्याला. मग कागद मागून सावकाश वाचला आणि कलम चारवर बोट ठेवलं.

"बक्षीस कायले, मिस्त्री? भाऊ म्हनून नेलं मले. वाटा लेहा."

सबब, कलम चारमधील "बक्षीस" हा शब्द रद्द समजून तिथे "वाटा" असा वाचावा. दुरुस्ती मला मान्य आहे. ती पुंजाजी देवमन पडघान याच्या सांगण्यावरून केली.

सही: शालिकराम ग्यानबा काळबांडे

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. गोविंदसिंग हरिसिंग राठोड, शिक्षक
२. महादेव सीताराम लांडे, पोस्टमन

(वाटेकरी साक्षीला चालत नाही असं मास्तर म्हणाले, म्हणून पुंजाजीची सही नाही. तो ओसरीवर बसून आहे.)

मुक्काम किन्हीराजा, दिनांक ११ नोव्हेंबर १९७९