उजव्या बाजूचं कव्हर

अप्पा, माझं सगळं फिरलं ते तुम्ही माझ्या हातातलं साईड कव्हर घेऊन गुडघ्यावर कटकन मोडलंत तेव्हा. तुमच्या मंगळवार पेठेतल्या गॅरेजात, चार गिऱ्हाइकांसमोर, आणि चहाची किटली घेऊन आलेल्या तुमच्या मुलीसमोर. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्यावरचा राग मात्र एक दिवसही शिळा झाला नाही.

मी कॉलेज अर्धवट सोडलं ते तिच्यापायी, हे तुम्हाला माहीत होतं. घरी सांगितलं, इंजिनिअरिंग डोक्यात शिरत नाही. उचगावहून सायकल मारत तुमच्याकडं यायचो आणि उरलेला दिवस एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, ओतकामाचे लाकडी नमुने बनतात तिथं, लाकूड तासायला शिकायचो. तुमच्या जुन्या टू-स्ट्रोकचं उजवं कव्हर कळंब्याच्या रस्त्यावर कुठंतरी गळून पडलं होतं. कंपनीनं ती गाडी काढणंच बंद केलेलं, पार्ट कुठं मिळेना. पुण्याला, बेळगावला निरोप धाडून तुम्ही थकलात. मी म्हटलं, हे आपण करायचं. तुमच्या गॅरेजातल्या साध्या पट्टीनं डाव्या कव्हरची मापं घेतली, त्याची आरशातली बाजू लाकडात कोरली, त्यावरून साचा काढला, फायबर चढवलं, काळा रंग मारला. पंधरा दिवस हाताला नुसती खाज. दुसरं काय करत होतो मी? ते कव्हर पुढं करून तुमच्याकडं तिला मागणी घालत होतो.

ते बसेना. "दाबलं की बसतंय, अप्पा," मी म्हणतोय, आणि तुम्ही खिशातली पट्टी काढून मोजताय. तीन मिलिमीटर लांब. "लाकूड कुठल्या पट्टीनं आखलंस रं?" मी पॅटर्न शॉपची पट्टी दाखवली. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून फौंड्रीच्या पट्टीवरचा प्रत्येक इंच मुद्दाम किंचित मोठा आखलेला असतो. मी कामच त्या पट्टीवर शिकलेलो, इथं लाकूड आखायला दुसरी घ्यायला हवी हे मनातही आलं नाही. फायबर कशाला तेवढं आकसतंय! तुम्ही पोट धरून हसलात. "आरं, हे गाडीचं कव्हर हाय का बिडाच्या पंपाचं?" गिऱ्हाइकंही हसली. तुम्ही तेवढ्यावर थांबला असतात तर मीही हसलो असतो. तुम्ही ते मोडलंत, तुकडे माझ्या पायाशी टाकलेत आणि म्हणालात, "ज्याला माप कळत न्हाय त्यानं माझ्या पोरीकडं बघायचं न्हाय. मला काय दिसत न्हाय व्हय रं?" कुणीतरी म्हणालं, "अप्पा, जाऊ द्या की." तिनं किटली खाली ठेवली आणि ती आत गेली. दोन महिन्यांत तुम्ही तिला निपाणीला दिलीत, तुमच्यातल्याच घरात. आणि पुढच्या वर्षी गॅरेजातल्या स्टुलावर बसल्या बसल्या गेलात. मला तोंडावर काही बोलायची संधी न देता. ही तुमची लबाडीच.

मी तेच काम धरलं, हट्टानं. आता एमआयडीसीत ओळखीच्याकडं मशीन आहे. त्याची सुई डाव्या कव्हरवरून फिरते, कॉम्प्युटर त्याचं उजवं करून दाखवतो, दुसरं मशीन तसाच पॅटर्न कापतं. केसभर आकसणार असेल तर तेही आधीच धरलेलं असतं. पॅटर्नवर मी सिलिकॉनचा साचा ओततो, त्यात दोन रसायनं मिसळून सोडतो, पंपानं बुडबुडे ओढून घेतो. कव्हर बाहेर येतं ते आतल्या खिट्ट्यांसकट. बेंगलोरपासून लोक फोन करतात. पहिला नग, भंगारात मिळालेल्या डाव्या कव्हरवरून, तुमच्याच गाडीच्या उजव्या बाजूचा काढला, आणि फळीवर ठेवला. तुमच्या गॅरेजातून कुणी आलं की एकच उत्तर : नाही.

आज दुपारी तुमचा धाकटा आला. "दादा, अप्पांच्या गाडीचं उजवं कव्हर पायजे हुतं. ताई गाडी निपाणीला नेतीया. म्हणली, तेवढंच राहिलंय, तुमच्याकडंच मिळंल."

"त्या गाडीचं न्हाय माझ्याकडं."

"आवो, फळीवर दिसतंय की!"

"ते द्यायचं न्हाय."

"मग काय पूजेला ठेवलंय?"

"व्हय. तुझ्या बापाच्या."

पोरगा लालबुंद झाला. तोही तुमच्यासारखाच होतो. म्हणाला, "ताई भाईर रिक्षात बसलीया. तिला काय सांगू?"

"सांग, मला माप कळत न्हाय."

तो पाय आपटत गेला. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते जमलं, अप्पा. गोड लागलं, खोटं कशाला बोलू. तुमची गाडी तशीच जाईल, एका बाजूनं उघडी, बॅटरीच्या वायरी लोंबत. निपाणीपर्यंत लोक बघतील.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? ड्रॉवरमध्ये सँडपेपरखाली राहील. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच एक सांगतो. रिक्षा सुरू व्हायच्या आधी तिनं मला हाक मारली. नावानं, एकदाच. मी ग्राइंडर चालू केला. हातात घासायला काहीच नव्हतं. रिक्षा गेल्याची खात्री होईपर्यंत तो तसाच फिरवत ठेवला.

निघतो. दिवे मालवतो आणि बाहेर येऊन दार ओढून घेतो.