तळ्यासाठी गाणाऱ्यांची तालीम

आई,

सा. न. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

तळं वाचवायला आम्ही सगळे मिळून गातो, याचं तुला कौतुक. करू नकोस. मास्तरांनी महिनाभर तालीम काठावरच घेतली, तीही कर्णे लावून. अंड्यांवर बसलेले पक्षी घरटी सोडून गेले. मी बोलले, तर म्हणाले, "तू तुझा सूर सांभाळ."

काल कार्यक्रम झाला. शेवटच्या ओळीनंतर आम्ही थांबायचं आणि पक्ष्यांनी उत्तर द्यायचं, असं बसवलं होतं. थांबलो. तळं गप्प. मग या शहाण्या मास्तराने मोबाइलवर किलबिलाट लावला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या! माझं डोकंच फिरलं. आता बोलावलं तरी जाणार नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? चिमण्यांना पाणी ठेवतेस ना? ठेव. फक्त त्यांच्यासाठी गाऊ नकोस.

तुझी तापट लेक