नंबर वन न्हाणीमागं वाजली

२ मार्च १९५३, सोमवार. आर्वी. सकाळ.

आजपासून रोज लिहायचं. सायंटिफिक माणसाजवळ रेकॉर्ड पाहिजे.

मशीन आली! लढाईत सुरुंग शोधायची, अस्सल विलायती. काठीला थाळी, खांद्याला बॅटरीचा डबा, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की कानात ओरडते. नागपूरच्या कबाड्याकडून घेतली. त्यासाठी बायकोची, कोकिळाची, गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडली. मोडली म्हणजे काय, इन्व्हेस्ट केली. हिंगणीच्या जंगलाकडे भोसल्यांच्या काळचं सोनं पुरलेलं आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एकीच्या जागी चार एकदाण्या करून देतो म्हटलं. तिनं लाटणं फेकून मारलं. कपाळावर टेंगूळ. पोटुशी असून नेम मात्र पक्का.

३ मार्च, मंगळवार.

कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, हिंगणीला. न्यायला तिचा भाऊ बंडूजी आला होता. आखाड्यातला गडी, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. जाताना कोकिळा म्हणे, एकदाणीबिगर आमच्या दारात येऊ नोका, सांगून ठेवतो. रागात बोलते, मनात काही नसतं. बाळंतपणाला अजून दीड महिना आहे, मी हिशेब केला आहे. तोवर सोनं हातात.

बंडूजी मशीनकडे पाहून हसला. मी त्याची कॉलर धरली. त्यानं मला उचलून गव्हाणीत टाकलं. पाहुणा होता म्हणून सोडून दिला.

७ मार्च, शनिवार.

पहिली टेस्ट. कापसाच्या बाजारात, बैलगाड्यांच्या गर्दीत मशीन वाजली! वाकून पाहतो तर बैलाच्या खुराला ठोकलेली लोखंडी पत्री. पत्री बैलासकट माझ्या मांडीवर. गाडीवाल्यानं वरून चाबूक दिला, म्हणे, माह्या बैलाच्या पायापाशी काय करून राह्यला बे भैताडा? मीही त्याला एक ठेवून दिली. मग त्याचे भाऊ आले.

रिझल्ट: एक्सलंट. बैल जोडलेला असतानाही लोखंड ओळखते.

उद्यापासून रोज पन्नास जोर. मांडी बरी झाल्यावर.

११ मार्च, बुधवार.

हरामखोरी! बंडूजीनं त्याच कबाड्याकडून दुसरी मशीन आणली. अमेरिकन आहे म्हणून गावभर मिरवतो.

सासऱ्यांचा, किसनरावांचा, निरोप आला. बावीस तारखेला हिंगणीत दोन्ही मशिनींचा सामना. वावरात लोखंड ते स्वतः पुरणार. मी जिंकलो तर एकदाणीचं नाव कुणी काढायचं नाही, कोकिळा लेकरासकट माझ्या घरी. बंडूजी जिंकला तर माझी मशीन विहिरीत आणि मी घरजवाई, त्यांच्या म्हशी चारायला, बंडूजीच्या हाताखाली. कबूल म्हणून कळवलं. माझी नंबर वन, त्याची नंबर टू. नावातच निकाल लागला.

१२ मार्च.

जोर: सहा. बाकीचे उद्या.

१८ मार्च, बुधवार. दुपार.

हेर पकडला! हिंगणीचा नत्थू म्हाली, सासरच्यांच्या दाढ्या करणारा. दात काढत अंगणात आला. हातात पुडी, पुडीत साखर. बॅटरीच्या डब्यात टाकायला आणली, दुसरं काय? त्यानं तोंड उघडायच्या आत मी कानफटात दिली. म्हणे, जवाईबुवा, आयका तं खरं! मी दुसरी दिली. त्यानं वस्तऱ्या-कात्र्यांची धोपटी गरागरा फिरवून माझ्या डोळ्यावर हाणली, मला पाडलं आणि छातीवर बसला. मी हाताला लागला तो बॅटरीचा डबाच त्याच्या टाळक्यात घातला. आयमाय काढत पळाला.

डोळा उघडत नाही. डब्यातून काहीतरी पाझरतं आहे, घाम असावा. पुडी जप्त. साखर चांगली होती.

२२ मार्च, रविवार. हिंगणी. संध्याकाळ.

जिंकलो! उजवा हात उचलत नाही, डाव्यानं लिहितो आहे.

इथं आलो तर रामराम कुणी घेतला नाही. सासूबाई, आनंदाबाई, म्हणे, कोकिळाच्या खोलीकडे फिरकायचं बी नाई. रुसली असेल. नत्थू ओट्यावर डोक्याला फडकं बांधून बसला होता आणि माझ्याकडे बोट दाखवून लोकांना काहीतरी सांगत होता. हेराची जातच तशी.

वावरात नंबर टू सारखी किंचाळत होती. बंडूजीला नांगराचा फाळ सापडला, विळा सापडला, कुऱ्हाड सापडली. नंबर वन शांत. उठसूट बोंबलत नाही, हा खानदानी मशीनचा गुण. बंडूजी हसला. मी थाळी त्याच्या पोटरीवर हाणली. त्यानं मला ढेकळांत लोळवलं. किसनरावांनी दोघांनाही काठी घातली. मला जास्त.

मग ते म्हणे, चला आता घराच्या मांगं. परसात, न्हाणीच्या मागं, कोकिळाच्या खोलीच्या भिंतीला लागून थाळी फिरवली, आणि नंबर वन बोलली! ट्यां, ट्यां, ट्यां! असा आवाज आजवर ऐकला नव्हता. अंगावर काटा आला. भोसल्यांचा अख्खा खजिना! बंडूजी मघाशी तिथंच थाळी उचलून वळसा घालून गेला होता. लबाडाला जागा ठाऊक होती! मी कुदळ घातली. तो ओरडला, भाऊजी, तिथं खंदू नोका, हात जोडतो तुमाले. बंडूजी आणि हात जोडतो! मग तर माझी खात्रीच पटली. त्यानं कुदळ धरली, मी त्याच्या मनगटाला चावलो. मडकं लागलं. फोडलं. आत हळदकुंकू, एक ढब्बू पैसा, एक लोखंडी खिळा आणि काहीतरी सुकत आलेलं.

सासूबाईंनी किंकाळी फोडली. पुढं कुणी कशानं मारलं याचा नीट रेकॉर्ड नाही. मुसळ आठवतं. नत्थूही होता. शेवटी बंडूजीनं नंबर वन माझ्या पाठीवर मोडली.

रिझल्ट: मडकं नंबर वनलाच सापडलं.

२३ मार्च, सोमवार. हिंगणी, गोठा.

मला मुलगी झाली आहे. गेल्या मंगळवारी. दिवस पुरे भरले होते, हिशेब माझाच चुकला. नत्थू तीच खबर घेऊन आला होता, साखर तोंड गोड करायला. आता हिंगणीभर झालं आहे की पोरगी झाली म्हणून जवायानं म्हाल्याले मारलं. न्हाणीमागं तिची नाळ पुरली होती, पैसा आणि खिळा ठेवून, जशी इथं प्रत्येक लेकराची पुरतात. माझ्या आईनंही माझी पुरली असेल. लेकीची नाळ मी कुदळीनं उकरली. किसनरावांनी हे सगळं एकेका वाक्याला एकेक थोबाडीत देऊन सांगितलं.

नवं मडकं आणलं. खड्डा मीच केला, हळदकुंकू मीच वाहिलं, मीच पुरलं. सगळे उभे होते. कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग किसनरावांनी दोन्ही मशिनी विहिरीत टाकायला लावल्या. टाकायच्या आधी बंडूजीनं नंबर वनचा डबा उघडून दाखवला. आतले सेल फुटून सगळा चिखल झाला होता. नत्थूच्या टाळक्यात बसला तेव्हापासून मशीन मेलेली. बंडूजी म्हणे, भाऊजी, मंग काल तुमाले आयकू काय येऊन राह्यलं होतं?

कोकिळा दाराआडून म्हणाली, सापडली काय एकदाणी? नाही म्हटलं. म्हणे, मंग म्हशी सोडा, ऊन होऊन राह्यलं.

म्हशी घेऊन परसातून निघालो. कानाला हेडफोन नाही, काही नाही. भिंतीच्या आतून तोच आवाज आला. ट्यां, ट्यां, ट्यां. भिंतीला कान लावून उभा राहिलो. बारीक आवाज आहे, पण दम आहे त्यात. मागून म्हशीनं शिंग घातलं तेव्हा निघालो.