आगंतुकाला दिलेली उत्तरं

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार

पोहोचले एकदाची बंगलोरला, बसवनगुडीत! पुण्याहून निघताना आईला ही नोकरी समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले होते. रविकिरणअण्णांनी घराच्या वरच्या खोलीत एक संगणक ठेवलाय आणि त्याला फोन जोडलाय. शहरातली मराठी माणसं आपापल्या संगणकावरून त्या नंबरला फोन लावतात, एकमेकांचे निरोप वाचतात, आपले लिहितात. एका वेळी एकच माणूस. सगळं मराठी रोमन अक्षरांत, वाचताना मजा येते. मंडळाचं नाव ‘ओसरी’. मी तिथली यजमानीण. नवख्यांना वाट दाखवायची, भांडखोरांना शांत करायचं. अण्णांचं घराणं इथं तीनशे वर्षांचं. त्यांची आई, अनुसूयाअक्का, खाली राहतात. आल्या आल्या उप्पिट्टू खाऊ घातलं. अण्णांनी नियम एकच सांगितला. “उर्मट माणसाला एकदाच उत्तर द्यायचं. नम्रपणे. मग गप्प. सरी?”

म्हटलं, सरी. म्हणजे ठीक आहे.

९ फेब्रुवारी

अजित नावाचे नवे सभासद आले. बँकेत आहेत, संगणक नुकताच घेतलाय. पहिलाच निरोप तीनदा उमटला. लोक हसायच्या आत मी लिहिलं, सगळ्यांचंच असं होतं, आणि कोणती कळ कधी दाबायची ते सांगितलं. त्यांनी आभार मानले. तेही तीनदा.

१४ फेब्रुवारी

‘आगंतुक’ या नावाने कोणीतरी अजितना लिहिलंय, गाढवा, चालता हो इथून. मी सौम्य उत्तर दिलं. त्यावर मलाच शिव्या, वाचवणार नाहीत अशा. तिथंच थांबायला हवं होतं. पण वाटलं, या माणसाशी कधी कोणी नीट बोललंच नसेल. दुसऱ्यांदा लिहिलं. मग तिसऱ्यांदा. तेव्हा उत्तर आलं, आपण फार छान बोलता, मला शिकवाल?

मी लिहिलं, आनंदाने.

१६ फेब्रुवारी

अण्णांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. माझ्या आधी इथं असलेला पद्माकरही त्याला असाच शिकवायला बसला होता म्हणे. तो आता कुठे असतो, विचारलं. अण्णा म्हणाले, गावी गेला. नंतर अक्का हळूच म्हणाल्या की त्याला खाली उतरताना कोणी पाहिलं नाही. त्याच्या चपला त्यांनी स्वतः उचलून ठेवल्यात.

२० फेब्रुवारी

सकाळी अजितची बहीण दारात. तो रविवारी मला भेटायला म्हणून निघाला, परतलाच नाही. मी बोलावलंच नव्हतं! पण ओसरीवर माझ्या नावाने निरोप आहे, पत्त्यासकट. माझेच शब्द, माझंच आर्जव. वाचताना क्षणभर मलाही वाटलं, लिहिलं असेल मीच.

त्याची स्कूटर आमच्या फाटकापाशी उभी आहे. सीटवर धूळ.

अण्णा तिला घेऊन पोलिसांकडे गेले. जाण्याआधी फोनची तार भिंतीतून उपटून टाकली.

२१ फेब्रुवारी

अण्णा अजून आले नाहीत.

तार टेबलावरून लोंबतेय. तरी पडद्यावर अक्षरं उमटतायत, एकेक, सावकाश. आगंतुक आता शिव्या देत नाही. आसावरी म्हणून नव्या बाई आहेत, त्यांना माझ्या नावाने लिहितोय, उद्या दुपारी चारला या. त्या हो म्हणतायत.

मी टाइप केलं, येऊ नका. पडद्यावर उमटलं, अवश्य या.

पुन्हा केलं. पुन्हा तेच—

२२ फेब्रुवारी

अक्कांना सांगायला खाली गेले. तोंडातून निघालं, सगळं छान आहे अक्का. वर हसलेही. ओरडायचं होतं मला—

कागदावर मात्र अजून माझंच उमटतंय.

पळून जाता येईल. पण आसावरीबाई चारला येणार. त्यांना अडवणारं दुसरं कोणी—

पावणेचार

हे पान फाडून खिडकीतून टाकते. त्यांनी उचललं तर—

खोलीत कोणीतरी माझ्या मागे उभं आहे. बघणार नाही.

रिक्षा थांबली. उतरल्या. वर बघतायत.

आसावरीबाई, मी नीलिमा. वर येऊ नका. याच रिक्षाने परत जा. कोणी कितीही गोड बोललं तरी— इतक्या लांबून आलात, फार बरं वाटलं. फाटक उघडंच आहे. जिना जरा अरुंद आहे, जपून या, मी हात—