घरच्यांच्या सणाला बाहेरचं ताट

रोम, २३ फेब्रुवारी

मानियस,

तू बरा असशील तर छान. मी बरी आहे. पत्राची रीत म्हणून लिहिलं. यातलं दुसरं वाक्य खोटं आहे.

काल, बावीस फेब्रुवारीला, दुपारी, दिवसाच्या नवव्या तासाला तू मला आपल्याच बापाच्या घरात पाहुणी केलंस.

पितरांचे दिवस संपले की वर्षातून हा एकच दिवस येतो. जिवंत नातलगांनी एका पंगतीत बसायचं, भांडणं मिटवायची, घरदेवांना पहिला घास द्यायचा. मी धूप आणि मधाची पोळी घेऊन आले. तू ताडकन उठलास आणि म्हणालास, "आपण? यावं, यावं." आपण! मी काय सिनेटर आहे?

वर तुझी कॅल्विना. "वन्सं, रागावू नका हो. आज पंगतीला परकं माणूस चालत नाही. देवीच्या सेवेला गेलात तेव्हाच तुम्ही या कुळातून गेलात. कायदाच आहे तसा." मग बाहेरच्या दालनात मला चांदीचं ताट. शेजारी कोणी नाही.

कायदा मला शिकवू नका. सातव्या वर्षी मला वेस्टादेवीच्या अग्नीपाशी नेलं, तेव्हापासून तो मला पाठ आहे. तू तीन वर्षांचा होतास. माझं वस्त्र धरून बोंबलत होतास, "ताईला नाही न्यायचं!" तेव्हा तुला कुळ कळत नव्हतं. बरं होतं.

तीस वर्षं मी साऱ्या शहराची चूल विझू दिली नाही. दर वर्षी या दिवशी गल्ल्यांतून भाजलेल्या मांसाचा वास यायचा आणि मी मनात तुमची पानं मांडायची. बाबा, आई, तू. माझं आईच्या डावीकडे.

सेवेची मुदत संपली तरी बाकीच्या सेविका तिथंच राहतात, मानानं. लोक विचारतात, तुम्ही का बाहेर पडलात? मी सांगते, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत आहेत, मानियस. दोन वर्षं बोलावण्याची वाट पाहिली. यंदा लाज सोडून आले.

ताटाला मी हात लावला नाही. कॅल्विनाला सांग, मांस कच्चं होतं. दुरूनही दिसत होतं.

मार्चच्या एक तारखेला देवीचा अग्नी नव्यानं पेटतो. त्याआधी मला लेखी उत्तर हवं : पुढल्या वर्षी माझं पान आत, की बाहेर? आत असेल तर चिठ्ठी कोणाहीबरोबर पाठव. बाहेर असेल, तर मात्र ती तू स्वतः घेऊन ये.

तुझी थोरली बहीण,
पापिरिया